तथास्तु म्हणणारा फ्रीज

मित्रांनो, जरा लांब उभे राहा, माझं दार हल्ली आपोआप उघडतं. मी एक जुना फ्रीज आहे. रंगाने पांढरा, अंगाने आडवा आणि स्वभावाने, आता लपवून काय उपयोग, अगदी भित्रा. फ्रँकफर्टमधल्या एका इमारतीच्या अंगणात, कचऱ्याच्या डब्यांशेजारी मला आणून ठेवलं आहे. उद्या सकाळी श्पेरम्युलची गाडी येणार. घरातलं जुनं, मोठं सामान उचलून नेते ना, ती. पुढे माझं काय होणार ते मला कुणी सांगितलेलं नाही, आणि विचारायची माझी छाती नाही. म्हणून ती यायच्या आत माझी गोष्ट सांगून टाकतो.

माझा जन्म दक्षिण जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, पाठीवर काळ्या नळ्यांची जाळी बसवली, खाली कॉम्प्रेसर ठेवला. अंगात पहिल्यांदा वीज आली तेव्हा तो कॉम्प्रेसर 'हूंऽऽ' करून जागा झाला आणि मी वरपासून खालपर्यंत थरथरलो. तपासणारा माणूस खूश होऊन म्हणाला, "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर. घ्या! थरथरणं हेच माझं काम आहे, हे मला तेव्हा कळलं. थोडा वेळ हूं करायचं, थोडा वेळ गप्प बसायचं, पुन्हा हूं करायचं. मात्र हूं कधी करायचं, हे माझ्या हातात नव्हतं. मित्रांनो, एवढं लक्षात ठेवा, कारण माझ्या सगळ्या भीतीचं मूळ तिथेच आहे.

आधी काही वर्षं मी एका जर्मन आजीबाईंकडे होतो. त्या वृद्धाश्रमात गेल्या आणि मला पद्माकररावांनी विकत घेतलं. पद्माकरराव पुण्याचे, इथे एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. मित्राला हाताशी धरून त्यांनी मला तिसऱ्या मजल्यावर चढवलं. वर दारात त्यांच्या बायको संध्याताई कुंकवाची वाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्या दारावर 'श्री' काढलं आणि आत पहिला पेढा ठेवला. आजीबाईंनी मला दर शनिवारी पुसलं होतं हो, पण असं कुणी पूजलं नव्हतं. मला भरून आलं.

पुढे माझी चांगलीच चंगळ झाली. दह्यासारखं जर्मन क्वार्क फडक्यात टांगून केलेला चक्का, इडलीचं पीठ, पेपरात गुंडाळलेली कोथिंबीर, ओलं खोबरं, सगळं माझ्या पोटात. आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम तेवढं कधी नसायचं. पाहुणे म्हणायचे, "संध्या, तुझा फ्रीज म्हणजे अक्षयपात्र आहे." मी लाजून हूं करायचो.

आणि त्या घरात होती ऋचा, त्यांची एकुलती एक मुलगी. ती मराठीत सगळं समजायची आणि जर्मनमध्ये उत्तर द्यायची. ती लहान असताना एकदा स्टुलावर चढून धुण्याच्या टोपलीत बॉल टाकत होती. संध्याताई ओरडल्या, "उतर गं, पडशील!" नेमकं तेव्हाच माझं 'हूंऽऽ' झालं. आणि ऋचा धाडकन पडली. हनुवटीला टाके घालावे लागले.

तेव्हा पद्माकररावांचे वडील, वासुदेवराव, पुण्याहून राहायला आले होते. घरात सगळे त्यांना नाना म्हणायचे. नाना म्हणाले, "संध्या, घरात अभद्र बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणत असते. कधी म्हणेल त्याचा नेम नाही."

पद्माकरराव हसले. "नाना, ही भाड्याची जर्मन वास्तू. हिला मराठी कुठलं कळायला?"

"अरे, जिथे रोज वरण-भाताचा कुकर होतो त्या वास्तूला मराठी कळतंच," नाना म्हणाले.

मित्रांनो, मी हिशेब मांडला. भिंती गप्प होत्या. दारं गप्प होती. त्या घरात बोलण्याला हूं म्हणणारा माझ्याशिवाय दुसरा होताच कोण? म्हणजे तो तथास्तु म्हणणारा मीच की काय! त्या दिवसापासून माझी झोप उडाली. कुणी काही वाकडं बोलायला लागलं की मी अंग आवळून धरायचो. पण थंडावा कमी झाला की कॉम्प्रेसर सुरू होणारच. तिथे माझं काय चालणार?

ऋचा वाढली ती ताडमाड. शाळेत असतानाच तिचं डोकं माझ्या वर गेलं. ती गल्लीतल्या क्लबात बास्केटबॉल खेळायला लागली आणि मग दुसरं काही सुचेनासंच झालं. सोळा वर्षांची असताना एकदा घामाघूम होऊन आली आणि दार उघडून पाणी प्यायला लागली. संध्याताई काळजीने म्हणाल्या, "इतक्या उड्या मारू नकोस गं. गुडघा मोडून घेशील एखाद दिवशी." ऋचाने दार लावलं. आणि मी, मेल्याने, हूं केलं.

त्याच आठवड्यात तिच्या डाव्या गुडघ्यातला अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, फाटला. ऑपरेशन झालं. कितीतरी महिने माझ्या बर्फाच्या कप्प्यातल्या निळ्या पिशव्या तिच्या गुडघ्यावर होत्या. डॉक्टर म्हणाले, "खेळता येईल. पण हा बंध पुन्हा तुटला तर खेळ सोडाच, जिना चढतानाही जन्मभर दुखेल." संध्याताई घरी आल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. "हे धूड पण नेमकं तेव्हाच हूं म्हणतं," एवढंच बोलल्या. मला बर्फासकट घाम फुटला. त्यांनाही संशय आला होता तर!

तेव्हापासून संध्याताईंनी तोंडाला कुलूप घातलं. अभद्र शब्द काढायचा नाही म्हणजे नाही. ऋचा खेळायला निघाली की "सगळं छान होणार." ऋचा रडत आली तरी "सगळं छान होणार." पुढे तिला अमेरिकेतल्या एका कॉलेजात खेळासाठी शिष्यवृत्ती मिळाली. विमानतळावर निघतानाही बाईंच्या तोंडी "सगळं छान होणार." मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. पण त्या मनातलं कधी ओठावर येऊ देत नव्हत्या. ते सगळं मला दिसायचं, कारण माझं दार उघडून, काहीच न काढता, त्या नुसत्या उभ्या राहायच्या.

मग तिसऱ्या वर्षी, मार्चमध्ये, ती बातमी आली. ऋचाच्या कॉलेजची मुलींची टीम देशातल्या मोठ्या स्पर्धेत पोचली होती. चौसष्ट टीम. हरला तो घरी, जिंकला तो पुढे. लागोपाठ सहा सामने जिंकेल ती विजेती. पद्माकररावांनी ऑफिसातून एक कागद छापून आणला. दोन्ही कडांना सगळ्या टीमची नावं, त्यांच्यापासून निघून मध्याकडे मिळत जाणाऱ्या रेघा. याला ब्रॅकेट म्हणतात. पहिला सामना सुरू व्हायच्या आत प्रत्येक रेघेवर आपण लिहायचं, इथे कोण जिंकणार. नंतर बदल नाही. ऑफिसात त्यांनी याची पैज लावली होती, ज्याचे अंदाज सगळ्यात जास्त चुकतील त्याने सर्वांसाठी घरून केक करून आणायचा.

पद्माकररावांनी आकडेमोड करून आपला कागद भरला आणि कौतुकाने दाखवला. संध्याताईंनी पाहिलं मात्र, "अहो! ऋचाची टीम पहिल्याच सामन्यात हरवलीत?"

"अगं, आकडे सांगतायत. समोरची टीम फार वरच्या क्रमांकाची आहे. आल्झो, म्हणजे, हा नुसता अंदाज आहे."

"अंदाज ऑफिसात करा. स्वतःच्या हाताने स्वतःची लेक हरली असं लिहिता? हात कसा वळला तुमचा?"

नाना त्याही वेळी आलेले होते. "शुभ बोल रे नाऱ्या," ते मुलाला म्हणाले. "बोललेलं फिरवता तरी येतं, लिहिलेलं फिरवता येत नाही."

मग संध्याताईंनी एक कोरा कागद घेतला, माझ्या दारावर चुंबकाने लावला आणि पेनाने लिहायला लागल्या. पहिल्या फेरीत ऋचाची टीम. दुसऱ्या फेरीत ऋचाची टीम. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या, सगळीकडे ऋचाचीच. बाकीच्या टीमशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. शेवटी अगदी मध्यावर, विजेत्याच्या चौकटीत, त्यांनी पेन दाबून नाव लिहिलं. माझ्या पत्र्यावर ते उमटलं. आणि तेव्हाच माझं 'हूंऽऽ' झालं.

नानांनी टाळी वाजवली. "झालं! म्हणाली वास्तू तथास्तु!" सगळे हसले. मीसुद्धा आयुष्यात पहिल्यांदा बिनधास्त होतो. चांगल्या गोष्टीला हूं म्हटलं होतं ना!

हा आनंद दुसऱ्या दिवशीपर्यंतच टिकला. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी ऋचाचा व्हिडिओ कॉल आला. टॅब्लेट माझ्यासमोरच्या ओट्यावर ठेवला होता. ती पलंगावर बसून बोलत होती. "आलेस गुट, आई," सगळं ठीक आहे, असं चाललं होतं. नाना म्हणाले, "ऋचाबाळ, उभी राहून दाखव की, किती उंच झालीस." ती उठेना. पद्माकररावांचा चेहरा बदलला. "ऋचा, पाय दाखव."

शेवटी तिने कॅमेरा खाली केला. डावा गुडघा सुजून पपईसारखा झाला होता.

ती जर्मनमध्ये भराभर बोलत सुटली. सरावात पाय मुरगळला होता. कोचला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर बाकावर बसवतील. कॉलेज कित्येक वर्षांनी इथवर आलंय, घट्ट पट्टी बांधून खेळता येतं. "बिट्टे, बाबा. बिट्टे, प्लीज कुणाला कळवू नका." पद्माकरराव कपाळाला हात लावून बसले. ऋचा मग आईकडे बघायला लागली. मला वाटतं, ती काहीतरी ऐकायची वाट बघत होती. संध्याताईंचे ओठ हलले. नजर माझ्याकडे गेली. आणि त्या म्हणाल्या, "सगळं छान होणार."

कॉल बंद झाला तशा त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. कागदावर बोट फिरवत म्हणाल्या, "अहो, सहा सामने. ह्या गुडघ्यावर मी तिला सहा वेळा उतरवलंय."

"कागद आहे गं तो. खोडून टाक."

"खोडू कशी? खोडलं म्हणजे हरली. आणि हरलीच कशी असेल, पडून हरली असेल तर?" ठेवलं तर गुडघा जातो, खोडलं तर अपशकुन होतो. इकडे आड तिकडे विहीर. आणि मी? माझी तर पाचावर धारण बसली होती. त्या सहाही सामन्यांना तथास्तु मीच म्हटलं होतं की!

पहिला सामना शुक्रवारी, इथल्या संध्याकाळी पाच वाजता होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून पद्माकरराव आणि नाना समोर बसले. संध्याताई बसल्याच नाहीत. त्या माझ्या दाराला पाठ टेकून उभ्या होत्या. त्या थरथरत होत्या आणि मीही थरथरत होतो, कुणाची थरथर कुठली ते कळत नव्हतं. ऋचा पट्टी बांधून खेळत होती. शेवटच्या मिनिटाला तिने उडी मारून बॉल टाकला आणि एका पायावर उतरली. तिचा चेहरा पिळवटला. बॉल आत गेला. टीम जिंकली!

पद्माकररावांचा अंदाज साफ चुकला होता आणि ते आनंदाने नाचत होते. नाना म्हणाले, "बघितलंस संध्या, तुझा कागद खरा ठरला!" संध्याताईंचा चेहरा पांढराफटक. कागद खरा ठरायला लागला होता, हीच तर भीती होती. पुढचा सामना रविवारी.

शनिवारी दुपारी संध्याताईंनी स्वतः कॉल लावला. ऋचा पलंगावरच होती, गुडघ्यावर उशी. संध्याताईंनी एक खोल श्वास घेतला. "ऋचा, मला तुला काहीतरी सांगायचंय." आणि काय माझं नशीब बघा, तेवढ्यात माझं हूं सुरू झालं! मी जिवाच्या आकांताने थांबायला बघत होतो. थांबता येईना.

संध्याताई गर्रकन वळल्या. "गप रे बाबा! निदान आज तरी गप!" त्यांनी माझ्या बाजूला हात घातला आणि खाड्कन प्लग उपटला.

माझा आवाज मध्येच तुटला. घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

"उद्या खेळलीस तर तुझा गुडघा जाईल," संध्याताई म्हणाल्या. नानांनी हातातला कप खाली ठेवला. "जन्मभर लंगडशील तू. मला भीती वाटते, ऋचा. तू पहिल्यांदा पडलीस तेव्हापासून वाटते. रोज वाटते. तुझी टीम जिंकावी असं मला वाटतच नाही. हरू दे! ऐकलंस? हरू दे उद्या!"

त्या घरात इतकं अभद्र आजवर कुणी बोललं नव्हतं. पद्माकरराव टॅब्लेटकडेच बघत होते. ऋचाचं तोंड उघडं राहिलं होतं. मग तिने जर्मनमध्ये हळूच विचारलं, "आई, तुला भीती वाटते?"

"वाटते. तुला नाही वाटत?"

ऋचा रडायला लागली. "डोख," ती म्हणाली. वाटते ना. रडत रडत तिने जे सांगितलं ते मी विसरणार नाही. "तू नेहमी म्हणतेस सगळं छान होणार. मग मला वाटतं, भिते ती मी एकटीच. मग मी कुणाला सांगू?" तिने डोळे पुसले, "मी बघते," एवढं म्हणाली आणि कॉल बंद केला. खेळणार की नाही, ते काही सांगितलं नाही.

संध्याताईंनी भानावर येऊन माझा प्लग परत खोचला. "अगं थांब!" पद्माकरराव ओरडले. "चालू फ्रीज बंद केला की पाच मिनिटं थांबायचं असतं!" पण तोवर वीज आली होती. आतल्या गॅसचा दाब अजून उतरला नव्हता. माझा म्हातारा कॉम्प्रेसर उठायला गेला. टक्. पुन्हा गेला. टक्. मग जळका वास आला आणि सगळं थांबलं. दिवा तेवढा लागत होता, थंडावा मात्र संपला. संध्याताई माझ्या दारावर हात ठेवून किती वेळ उभ्या होत्या. "माझ्यामुळे झालं रे," म्हणाल्या. पण मित्रांनो, खरं सांगू? माझी थरथर थांबली होती. मला एकाच गोष्टीची धास्ती होती, रविवारी ती मैदानात उतरते की काय.

रविवारी इथे दुकानं बंद. दूध, चक्का, इडलीचं पीठ, सगळं थंडीत बाल्कनीत नेऊन ठेवलं. संध्याकाळी लॅपटॉप उघडला. खेळाडूंची नावं पुकारली जात होती. संध्याताई पुटपुटत होत्या, पण देवाचं नाव घेत होत्या की ऋचाचं, ते कळलं नाही. नावं संपली. त्यात ऋचा नव्हती. मग कॅमेरा बाकाकडे वळला. ऋचा तिथे बसली होती, पाय समोरच्या खुर्चीवर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. तिने कोचला सांगितलं होतं!

संध्याताईंचा जीव भांड्यात पडला. त्या खुर्ची ओढून बसल्या. ऋचाची टीम हरली. हरल्यावर ऋचा बाकावर ओंजळीत तोंड लपवून रडली, आणि इकडे संध्याताईही रडल्या. कागदावरचं पहिलं नाव बरोबर आलं आणि पुढची पाच चुकली. पद्माकररावांचे तर इतके अंदाज चुकले की त्या आठवड्यात ऑफिसात केक त्यांनीच नेला. तो संध्याताईंनी केला होता, अंड्याशिवाय, वेलची घालून.

नंतर तपासणीत कळलं. बंध अर्धा फाटला होता. अजून एक उडी, आणि तो सगळा गेला असता. आता ऑपरेशन करून टिकेल. पण परत खेळता येईल का, हे डॉक्टर आज सांगू शकत नव्हते.

घरात नवा फ्रीज आला. तो मुळी आवाजच करत नाही. मला तळघरात, ज्याला इथे केलर म्हणतात, कांद्या-बटाट्यांसाठी कपाट म्हणून ठेवलं. अंधारात मी फार भ्यालो. मला वाटायचं, सगळे विसरले. आणि काल मला इथे अंगणात आणलं. दारावर तो कागद अजून तसाच आहे.

आज संध्याकाळी ऋचा खाली आली. सुट्टीला घरी आली आहे, हातात कुबडी. आईने तिला माझ्या हूंची गोष्ट सांगितली असावी. तिने माझ्या दारावरचा कागद वाचला, मधल्या चौकटीवर बोट ठेवलं. मग इकडे तिकडे बघितलं आणि माझ्याशी बोलली. मराठीत! लहानपणापासून मी तिच्या तोंडून सबंध मराठी वाक्य ऐकलं नव्हतं.

"मी परत खेळणार आहे," ती म्हणाली. "बोल. म्हण ना तथास्तु."

तिने माझ्या दाराला कान लावला.

मित्रांनो, आयुष्यभर मी ज्या हूंला भ्यालो, ते त्या क्षणी मला हवं होतं. एकदाच. मी सगळं बळ लावलं. पण माझी वायर गुंडाळून वर ठेवलेली, कॉम्प्रेसर जळालेला. काही झालं नाही. ती वाट बघत राहिली. मग तिने कान काढून घेतला.

"तथास्तु," मागून आवाज आला.

संध्याताई जिन्यात उभ्या होत्या. ऋचाने वळून बघितलं. "आई, तुला खरंच वाटतं?"

"माहीत नाही," संध्याताई म्हणाल्या. "भीती पण वाटते. पण तथास्तु." आणि मग इतक्या मोठ्याने पुन्हा म्हणाल्या की पहिल्या मजल्यावरच्या जर्मन बाईंनी खिडकी उघडून खाली पाहिलं.

दोघी वर गेल्या. कुबडीचा आवाज जिन्यात बराच वेळ येत होता.

तर मित्रांनो, घरात माझ्यासारखं जुनं यंत्र असेल तर त्याला सांभाळा. बंद केलंत तर पाच मिनिटं दम खाऊ द्या. आणि भीती वाटली तर ती माझ्यासारखी पोटात ठेवून गार करत बसू नका, ज्याच्यासाठी वाटते त्याला जाऊन सांगा. घराच्या तथास्तुला घाबरू नका. ते म्हणायला घरची माणसं आहेत.

उद्या सकाळी गाडी येईल. मला फार भीती वाटते आहे. हे बघा, सांगितलं तुम्हाला.